पैज लंबकाची

मुलांना घरीच शिकवणारे पालक असोत की सुट्टीत एखादा प्रयोग करून पाहणारे, खेळ रंगला की जिंकण्याची घाई पुष्कळदा मोठ्यांनाच होते. ‘सरक, मी दाखवतो’ म्हणत बाबा पुढे सरसावतात आणि लेक नुसती बघत बसते. बाबांची ही ईर्षा कामाला लावता येते.

लंबकाचाच खेळ घ्या. दोऱ्याला लोखंडी नट बांधून तो खिळ्याला टांगा. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत लांबी एक मीटर ठेवा. नट थोडासा बाजूला नेऊन सोडा. जाऊन परत आला की एक झोका. ३० सेकंदांत साधारण १५ झोके भरतील.

आता पैज लावा. झोके वाढवायचे कसे? बाबा बहुधा जड कुलूप बांधतील. लांबी तीच असेल तर झोके पुन्हा १५च! जड वस्तूला पृथ्वी जास्त जोराने ओढते, पण तिला हलवायलाही तेवढाच जास्त जोर लागतो. फिटंफाट! लेकीने मात्र दोरा २५ सेंटीमीटरवर आणला, तर झोके ३० होतील. लांबी पाव केली की वेळ निम्मा लागतो.

नियम दोनच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येकाने अंदाज आधी कागदावर लिहायचा. मग हरतो तो अंदाज, माणूस नव्हे. स्वतःचा अंदाज चुकल्यावर बाबा हसत पुन्हा दोरा बांधायला घेतात, हे लेकीने पाहिले की चुकण्याची तिची भीतीही कमी होते.