बिबट्यांचा प्रश्न आणि पुराव्याची भाषा

शास्त्रज्ञाचा निष्कर्ष खरा असणे वेगळे आणि तो राज्यकर्त्यांच्या निर्णयात उतरणे वेगळे. या दोहोंतील अंतर किती महाग पडते, याचा धडा जुन्नर-आंबेगावच्या बिबट्यांनी दिला आहे.

कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर या भागात ऊस फोफावला आणि त्याच्या आडोशाला बिबटे स्थिरावले. माणसांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा फेब्रुवारी २००१ पासून बिबटे पकडून सरासरी चाळीस किलोमीटर दूरच्या जंगलात सोडण्याचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आला. उपाय सामान्य बुद्धीला पटणारा होता. परिणाम मात्र विपरीत झाला. पूर्वी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७ वर गेले, असे डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून निष्पन्न झाले. बिबट्या आपली हद्द सहजी सोडत नाही. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी भटकतो, परतू पाहतो; आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा घेतो.

हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनीही अशा स्थलांतराविरुद्ध इशारा दिला. एवढे होऊनही, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बळी गेले, तेव्हा ‘बिबटे येथून हलवा’ हीच मागणी पुन्हा उसळली.

यात लोकांना अडाणी ठरविणे अन्यायाचे होईल. ज्याच्या घरातले मूल गेले, त्याला सरासरीचे आकडे काय सांगणार? संतप्त जमावासमोर उभ्या असलेल्या मंत्र्याला वा वनाधिकाऱ्याला आज रात्री काय करावयाचे, याचे उत्तर हवे असते. आणि ‘हलवू नका’ हा निषेध आहे, उत्तर नव्हे. पुराव्यासोबत पर्यायही मांडला गेला पाहिजे: बंदिस्त गोठे, शेतीपंपांना दिवसा वीज, विनाविलंब भरपाई, उसाकाठच्या वस्त्यांवरील मुलांची सुरक्षित ने-आण. प्रत्येकाचा खर्च किती व जबाबदारी कोणाची, हेही त्यात स्पष्ट हवे.

शिवाय हा पुरावा इंग्रजी नियतकालिकात अडकून चालणार नाही. तो मराठीत, ग्रामसभेत, वनरक्षकाच्या तोंडून आणि मुख्यतः शांततेच्या काळात सांगितला गेला पाहिजे. संकट कोसळल्यावर माणूस नवे काही शिकत नाही. आधी पटलेल्या गोष्टीचाच तो आधार घेतो.