टक लावून न पाहणारे गाव

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या ईस्ट ग्रिन्स्टेड या छोट्या गावात विशी-बाविशीतले तरुण रस्त्यावरून, दुकानांतून, सिनेमाच्या थिएटरातून वावरताना दिसत. कुणाला पापण्या नव्हत्या, कुणाचे नाक अजून निम्मेच घडले होते, तर कुणाच्या खांद्यापासून नाकापर्यंत कातडीची एक जाड नळी सोंडेसारखी लोंबत होती. हे सारे ब्रिटिश हवाई दलातले भाजलेले वैमानिक आणि त्यांचे साथीदार होते. गावातल्या क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयात त्यांचे चेहरे पुन्हा घडवण्याचे काम चालू होते. अनेकांची घरे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये होती. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियातून आलेल्यांचे तर देशच शत्रूच्या ताब्यात होते. आई-वडील भेटायला येण्याची शक्यताच नव्हती. तरीही यातले बहुतेकजण पुन्हा माणसांत आले, कामाला लागले, संसाराला लागले.

यामागे शल्यचिकित्सेची करामत होती, तितकाच एका गावाचा शहाणपणाही होता. चेहऱ्याची पुनर्रचना झालेला माणूस कसा बरा होतो, हे समजून घ्यायचे तर या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात.

आगीने काय केले

हरिकेन आणि स्पिटफायर या लढाऊ विमानांत पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच, उपकरणांच्या फळीमागे असे. टाकीला गोळी लागली की आगीचा लोळ थेट कॉकपिटमध्ये घुसे. हातमोजे आणि गॉगल काढून ठेवलेल्या वैमानिकाचे हात आणि चेहरा काही सेकंदांत होरपळून निघत. कपड्यांखालचे अंग मात्र बऱ्याचदा शाबूत राही.

भाजलेल्या जागेवर टॅनिक ॲसिड लावायचे, अशी तेव्हाची पद्धत होती. त्याने जखमेवर कडक, काळी खपली धरे. अंगावरच्या जखमेला हे एकवेळ चालून जाई. पण बोटांवर आणि पापण्यांवर ती खपली आवळत जाई. बोटे वाकडी होत, पापण्या ओढल्या जाऊन डोळे मिटेनासे होत आणि उघडे राहिलेले बुबुळ कोरडे पडून दृष्टी जाण्याची वेळ येई.

रुग्णालयाचे प्रमुख शल्यचिकित्सक आर्चिबाल्ड मॅकइंडो मूळचे न्यूझीलंडमधल्या डनीडिनचे. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा जमिनीवर पडलेल्यांपेक्षा चांगल्या भरतात, असे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी टॅनिक ॲसिड बंद करून कोमट खारट पाण्याची आंघोळ सुरू केली. अंग मिठाच्या पाण्यात बुडाले की चिकटलेली ड्रेसिंग न दुखता सुटत, जखम स्वच्छ राही आणि रुग्णाला बोटे हलवता येत. त्यानंतर पहिले काम पापण्यांचे. दंडाच्या आतल्या बाजूची पातळ, केस नसलेली कातडी काढून नव्या पापण्या शिवल्या जात, कारण डोळा वाचवणे सर्वांत निकडीचे असे.

कातडीला रक्त हवे

पातळ कातडीचा तुकडा पूर्ण कापून दुसऱ्या जागी लावला, तर पहिले दोन दिवस तो खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरतो. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्यांची टोके त्याच्यातल्या वाहिन्यांना जोडली जातात आणि साधारण आठवडाभरात त्यात रक्त खेळू लागते. पण नाक, ओठ, गाल घडवायला लागते ती जाड कातडी, खालच्या चरबीसकट. इतका जाड थर असा उपाशी राहू शकत नाही, तो काळा पडून मरतो. त्यामुळे त्याची एक बाजू मूळ जागेला जोडलेलीच ठेवावी लागते. त्या देठातून रक्त येत राहते. नव्या जागेतल्या वाहिन्या पुरेशा वाढल्या, की मगच देठ तोडायचा. याला साधारण तीन आठवडे लागतात.

हे तत्त्व इंग्लंडला भारतातून कळले आणि त्याची गाठ थेट पुण्याशी आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन छापून आले. ती ज्याच्यावर झाली तो कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रज फौजेकडे बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना वावरला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले.

त्या वर्णनातली कृती आजच्या सर्जनलाही ओळखीची वाटेल. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकारात घडवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारून घ्यायची. तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची; दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र कापायची नाही, कारण रक्त तिथूनच येणार. जखमेवर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवायच्या. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे सारायचे, म्हणजे छिद्रे बुजत नाहीत. देठ तोडायचा तो सुमारे पंचविसाव्या दिवशी. कावसजीचे चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने काढले होते. हे वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तिकडे याच रीतीने नाकाची शस्त्रक्रिया केली. नाक घडवण्यासाठी कपाळाची कातडी आजही वापरली जाते.

पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलीज यांनी त्यात मोलाची भर घातली. तेही डनीडिनचेच आणि मॅकइंडोंचे नातलग. १९१७ साली एका भाजलेल्या खलाशावर शस्त्रक्रिया करताना सोडवलेल्या कातडीच्या कडा आपोआप आत वळताहेत, हे त्यांनी पाहिले आणि त्या एकमेकींना शिवून टाकल्या. तयार झाली बंद नळी. आतला ओला भाग झाकला गेल्याने जंतुसंसर्ग घटला, आणि पेनिसिलिन नसलेल्या त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. नळीचे एक टोक पोटावर आणि दुसरे मनगटावर जोडायचे. मनगटावर रुजले की पोटाकडचे टोक सोडवून चेहऱ्यावर न्यायचे. प्रत्येक टप्प्याला काही आठवड्यांची वाट पाहणे आले. काहींच्या शस्त्रक्रियांची संख्या डझनांत गेली आणि उपचार वर्षानुवर्षे चालले.

मधल्या महिन्यांचे काय?

या लांबलेल्या मधल्या काळात माणसाने जगायचे कसे, हा खरा कठीण प्रश्न होता. पहिल्या महायुद्धात गिलीज यांच्या सिडकप इथल्या रुग्णालयात आरसे ठेवत नसत. गावात जाणाऱ्या रस्त्यावरची काही बाके निळी रंगवली होती, म्हणजे तिथे कोण बसलेले असेल याची लोकांना आधीच सूचना मिळावी. हेतू चांगला होता. पण ‘तुला पाहून लोक दचकतील’ हेच त्या रंगातून रुग्णालाही कळत असणार.

मॅकइंडोंनी उलटा मार्ग धरला. गावातल्या लोकांशी बोलून त्यांनी सांगितले, की ही मुले गावात येतील, त्यांच्याशी नेहमीसारखे वागा. गावाने ते मनावर घेतले. लोकांनी त्यांना घरी जेवायला बोलावले, दुकानदारांनी, पबवाल्यांनी त्यांच्याशी इतर गिऱ्हाइकांसारखाच व्यवहार ठेवला. ‘टक लावून न पाहणारे गाव’ अशी ईस्ट ग्रिन्स्टेडची ओळखच झाली.

रुग्णालयातही बदल झाले. आजाऱ्याचा निळा गणवेश गेला. रुग्ण आपला हवाई दलाचा गणवेश किंवा साधे कपडे घालू लागले. वॉर्ड क्रमांक तीनमध्ये अधिकारी आणि साधे सैनिक शेजारी शेजारी झोपत. नुकताच आलेला भाजलेला मुलगा शेजारच्या खाटेवर वर्षभर पुढे गेलेला चेहरा पाहू शके. आपले पुढे काय होणार, याचे उत्तर त्याला तिथेच मिळे. ज्याला इच्छा असेल त्याला शस्त्रक्रिया पाहायलाही परवानगी होती.

२० जुलै १९४१ रोजी या रुग्णांनी आपला क्लब काढला आणि त्याला ‘गिनी पिग क्लब’ असे नाव दिले, कारण त्यांच्यावरचे उपचार तोवर फारसे कुणी केलेले नव्हते. ज्याची बोटे भाजली आहेत तो चिटणीस, म्हणजे इतिवृत्त लांबणार नाही; ज्याचे पाय भाजले आहेत तो खजिनदार, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाही, असा त्यांचा खाक्या होता. युद्ध संपेपर्यंत क्लबचे सदस्य ६४९ झाले. त्यांतले सुमारे पाव कॅनडाचे होते. घर दूर राहिलेल्यांसाठी हा क्लब पुढे अनेक दशके घरच झाला.

परळमध्ये आज

ज्या वर्षी तो क्लब निघाला त्याच वर्षी, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, मुंबईत परळला टाटा मेमोरियल हे कर्करोगाचे रुग्णालय सुरू झाले. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे आणि त्याचे मोठे कारण तंबाखू. विदर्भातला खर्रा, गुटखा, मावा, मिश्री, नावे वेगळी असली तरी परिणाम एकच. जबडा, गाल, जिभेचा भाग काढावा लागला, की तो पुन्हा उभारावा लागतो.

आज त्यासाठी देठाची तीन आठवडे वाट पाहावी लागत नाही. पायातले फिबुला हे बारीक हाड किंवा मनगटाजवळची, मांडीची कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसकट काढून आणतात आणि मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. पहिले दोन-तीन दिवस परिचारिका ठरावीक अंतराने, रात्रीही, हा जोडलेला भाग, म्हणजे फ्लॅप, तपासते. बोटाने हलके दाबले की जागा पांढरी पडते. दोन-तीन सेकंदांत रंग परतला, तर ठीक. फिक्का, गार पडला, तर रक्त आत येत नाही. जांभळट होऊन फुगला, तर रक्त बाहेर जात नाही. दोन्ही वेळा काही तासांत पुन्हा ऑपरेशन टेबल गाठावे लागते.

या काळात रुग्णाच्या नाकात अन्नाची नळी असते, अनेकदा गळ्याला श्वासासाठी छिद्र असते आणि बोलता येत नाही. दूरच्या जिल्ह्यांतून, बिहार-आसामातून आलेल्या माणसासोबत बहुधा एकच नातेवाईक असतो. घरी शेत, गुरे आणि लेकरे असतात. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन लागले, तर मुक्काम आणखी लांबतो. परळची नाना पालकर स्मृती समिती, दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा यांसारख्या ठिकाणी राहण्याची सोय होते, तेव्हा त्या एका छपराखाली सारख्याच दुखण्याची माणसे भेटतात. कोणती पेज नळीतून नीट जाते, कोणत्या व्यायामाने तोंड उघडते, हे ती एकमेकांना सांगतात. औषधाइतकाच हा आधार मोलाचा आहे.

घरचे आणि आपण

शस्त्रक्रियेनंतरची सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढते आणि मग उतरू लागते. झोपून उठल्यावर ती जास्त दिसते, म्हणून डोके उंचावर ठेवून झोपवतात. व्रण सुरुवातीचे काही महिने लाल आणि टणक असतो. तो मऊ पडून फिकट व्हायला वर्ष किंवा त्याहून अधिक लागते. तुटलेली नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते, त्यामुळे बधिरपणा महिनोन् महिने राहू शकतो. व्हिडिओ कॉल लावण्याआधी गावाकडच्यांना हे समजावून सांगा. पहिल्या आठवड्यात दिसणारा चेहरा हा कायमचा चेहरा नसतो, हे ठाऊक असलेली आई स्क्रीनसमोर कोलमडून पडत नाही, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहणारा मुलगाही सावरतो.

आणखी एक गोष्ट. पुन्हा घडवलेला गाल किंवा ओठ पूर्वीसारखा हलत नाही. हसू उमटत नाही, शब्द अस्पष्ट येतात, कधी लाळ गळते. आपण त्यातून रागीटपणा, मंदपणा, दारूची नशा, काहीही वाचतो, आणि ते सारे चुकीचे असते. त्या माणसाचे मन चेहऱ्यावर नव्हे, डोळ्यांत आणि आवाजात शोधावे लागते.

ईस्ट ग्रिन्स्टेडमधली माणसे काही वेगळ्या मातीची नव्हती. त्यांना कुणीतरी नीट सांगितले आणि त्यांनी ते पाळले. आपल्याकडेही रुग्णालयाजवळचे दुकानदार, रिक्षावाले, लोकलमधले सहप्रवासी, गावी परतल्यावरची ग्रामसभा आणि शाळा यांना हे सांगता येईल. सर्जन कातडीला रक्त पुरवू शकतो. माणसाला माणसांत परत घेण्याचे काम मात्र उरलेल्या सगळ्यांचे आहे. असा कुणी भेटला, तर सोबतच्या नातेवाइकाला नव्हे, त्यालाच विचारा, डोळ्यांत पाहून विचारा, आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबा.