आलेखाच्या कडेला कापली जाणारी नावे

कोडमधून तयार होणाऱ्या अहवालात आलेखाभोवतीची मोकळी जागा, म्हणजे मार्जिन, आकड्यांत आधीच ठरलेली असते. ती नजरेने कोणी ठरवत नाही. महसूल मंडळनिहाय पावसाच्या अहवालात याचा परिणाम स्पष्ट दिसतो. बार्शी तालुक्यातील वैराग, पांगरी, सुर्डी, आगळगाव, गौडगाव, उपळे दुमाला अशा मंडळांचे आकडे एका फाइलमध्ये ठेवले, की कोड ती वाचून स्तंभालेख काढतो आणि पीडीएफ तयार होते. आकडे बदलले की तोच कोड पुन्हा चालवायचा. सोय मोठी आहे, पण मार्जिनकडे लक्ष दिले नसेल तर पीडीएफमध्ये 'उपळे दुमाला'च्या जागी 'ळे दुमाला' एवढेच छापून येते.

आडव्या स्तंभांच्या आलेखात नावे अक्षाला टेकून डावीकडे पसरतात, म्हणून लांब नावाची सुरुवात कापली जाते. आर या भाषेत मार्जिन ओळींमध्ये मोजतात आणि क्रम खाली, डावीकडे, वर, उजवीकडे असा असतो. मूळ आकडे 5.1, 4.1, 4.1 आणि 2.1. नेहमीच्या अक्षरात एक ओळ 0.2 इंचाची, म्हणजे डावीकडे 0.82 इंच. पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये आकृतीची रुंदी 6.4 इंच आणि डावे मार्जिन तिच्या साडेबारा टक्के, म्हणजे 0.8 इंच. दोन्हीकडे जागा जवळपास सारखीच, आणि ती तीन-चार अंकी संख्यांसाठी पुरेशी आहे. गावांच्या नावांसाठी ती पुरत नाही.

उभे स्तंभ काढले तर अडचण निराळी आणि जास्त गंभीर. खालच्या अक्षावर नावे एकमेकांवर चढू लागली की आर त्यांतली काही गाळतो. त्याबद्दल सूचना येत नाही, कोड थांबत नाही. स्तंभ जागेवर असतो, त्याखाली 'वैराग' नसते. कापलेले नाव निदान डोळ्यांत खुपते. गाळलेले नाव अहवाल वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पावसाच्या आकड्यांवर गावातले लोक नुकसानीची चर्चा करतात, तेव्हा हा दोष दिसण्यापुरता राहत नाही. म्हणून मंडळांसाठी आडवे स्तंभ आणि आडवीच नावे हा पर्याय बरा.

मार्जिन अंदाजाने वाढवत जाण्याची पद्धत सर्रास दिसते. आज आठ ओळी पुरल्या, उद्या तालुक्यांच्या यादीत दक्षिण सोलापूर आले की पुन्हा अपुऱ्या. योग्य मार्ग असा की कोडनेच सर्व नावांची रुंदी इंचांत मोजावी, सर्वांत लांब नाव घ्यावे, त्यात अक्षापासूनचे अंतर मिळवावे आणि तेवढेच डावे मार्जिन द्यावे. मोजताना अक्षराचा फाँट आणि आकार छापताना असेल तोच हवा. प्रत्येक मंडळाचा वेगळा आलेख असेल तर सगळ्यांना एकच मार्जिन द्यावे. नाहीतर पानावर अक्ष एकाखाली एक येत नाहीत आणि तुलना अवघड होते.

देवनागरीत आणखी एक खोच आहे. आरचे साधे पीडीएफ साधन जोडाक्षरे नीट जुळवत नाही. कैरो आणि पँगो या लायब्ररींच्या आधारे काढलेली आकृती ती जुळवते. मॅटप्लॉटलिबच्या बऱ्याच आवृत्त्यांत 'दक्षिण'मधली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. अक्षरे चुकीची जुळली की मोजलेली रुंदीही चुकते, म्हणून आधी अक्षरे, मग मार्जिन.

आरमधून अहवाल तयार करणाऱ्या निटर या पॅकेजमध्ये कोडचा प्रत्येक तुकडा नवी आकृती उघडतो, त्यामुळे पहिल्या तुकड्यात दिलेले मार्जिन पुढच्याला लागू होत नाही. ते प्रत्येक तुकड्याआधी आपोआप चालणाऱ्या हुकमध्ये ठेवावे. आरच्याच जीजीप्लॉट या आलेखांच्या पॅकेजमध्ये नावांपुरती जागा आपोआप मिळते, मात्र मार्जिनचा क्रम वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असा आहे. साधे आर आणि जीजीप्लॉट दोन्ही वापरणाऱ्यांची गल्लत इथेच होते.

आकृतीचा आकार पानाशी जुळवणे हेही याच कामात येते. ए-फोर पानाला दोन्ही बाजूंनी एकेक इंच सोडला तर 6.27 इंच उरतात. दहा इंचांची आकृती त्यात बसवली की बारा पॉइंटचे अक्षर साडेसात पॉइंटचे होते. मॅटप्लॉटलिबचा भोवतालची जागा आपोआप छाटणारा पर्याय सोपा वाटतो, पण त्याने प्रत्येक आकृतीची रुंदी बदलते आणि पानावर बसवताना अक्षरेही लहानमोठी होतात. अहवालासाठी तो टाळलेलाच बरा.

महिनानिहाय पावसाचे उभे स्तंभ काढले तर वरची बाजू वेगळी बघावी लागते. सोलापूर जिल्ह्यात सप्टेंबर हा एरवी सर्वाधिक पावसाचा महिना. त्याचा स्तंभ सर्वांत उंच आणि त्यावर लिहिलेला आकडा कापला जातो. इथे मार्जिन वाढवून उपयोग नाही. अक्षाची कमाल मर्यादा दहा टक्क्यांनी वाढवली की आकडा आत येतो. शीर्षक आलेखाखाली छापायचे असेल तर आरमध्ये वरचे 0.82 इंच रिकामेच राहतात. ते कमी करून ती उंची स्तंभांना द्यावी.

शेवटी कोडमध्ये एक तपासणी घालावी: नावाची रुंदी मार्जिनपेक्षा जास्त भरली, किंवा छापायच्या नावांची संख्या मंडळांच्या संख्येपेक्षा कमी आली, तर अहवाल तयारच होऊ नये.