सुई-दोरा (लेखांक ७) : महालाचा अष्टकोन गोधडीवर

गोधडीच्या पोटात काय काय घालायचं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज तिचं तोंड, म्हणजे वरची बाजू.

आपल्याकडच्या गोधडीला नमुना कागदावर काढायची गरज कधी पडली नाही. आजी जुनं लुगडं जमिनीवर अंथरायची, त्यावर ठिगळं मांडायची, कडा आत मुडपायची आणि बाहेरच्या काठापासून धावदोरा घालत घालत मधोमध पोचायची. एखादं ठिगळ वाकडं निघालं तर शेजारचं त्याच्यावर चढायचं. खालचं लुगडं सगळं सांभाळून घ्यायचं. 

कागदावर शिवण्याच्या पद्धतीत लुगड्याचं हे काम कागद करतो. लुगडं गोधडीत राहतं, कागद मात्र शेवटी फाडून काढायचा. इंग्लंडमध्ये १७१८ साल घातलेलं एक रेशमी पांघरूण आहे, त्याच्या आत त्या काळचे कागद अजून तसेच आहेत. तिथे प्रत्येक तुकडा स्वतंत्र कागदावर दुमडून हाताने जोडलेला आहे. आपण करणार आहोत ती पद्धत वेगळी: एकच कागद, त्यावर रेघा, आणि रेघेवरून थेट मशीन.

नमुना कुठून आणायचा? पुस्तकातले तारे आणि कमळं पुष्कळ झाली. नगर शहरापासून साधारण १३ किलोमीटरवर, शाह डोंगरावर उभा असलेला चांदबिबीचा महाल नगरकराने बसच्या खिडकीतून तरी पाहिलेला असतोच. तो महाल नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर. तीन मजली, दगडी आणि अष्टकोनी. शहराजवळचा फराहबागही अष्टकोनीच. निजामशाहीने हा आकार आपल्या डोळ्यांसमोर ठेवलाच आहे, तर आपण तो उचलू.

१२ इंचांचा चौरस काढा. चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडा, आत तिरपा चौरस मिळेल. आता बाहेरच्या प्रत्येक बाजूपासून पावणेदोन इंच आत एकेक रेघ ओढा. या चार रेघा तिरप्या चौरसाचे चार कोपरे कापतात आणि मधे अष्टकोन उरतो. मोजून पाहा, आठही बाजू साडेतीन इंचांच्या भरतात. बारीक हिशेब केला तर केसाएवढा फरक निघेल, तो सुईच्या भोकात जिरतो.

इथवर सोपं. खरी मेख क्रमांकांत आहे. माझ्या पहिल्या आराखड्यात अष्टकोनाभोवती सज्जा दाखवायला आठ पट्ट्यांचं कडं होतं, कोपऱ्यांवर तिरपे सांधे असलेलं. कागदावर फार देखणं दिसलं. शिवायला बसले तेव्हा कळलं, की प्रत्येक पट्टीला एक शिवण अष्टकोनाशी हवी आणि दुसरी शेजारणीशी, तीही वेगळ्या दिशेने. या पद्धतीत ते चालत नाही. नवा तुकडा आधी शिवलेल्या भागाला एकाच सरळ रेघेत भेटला पाहिजे. सज्जा गेला. आराखडा काढतानाच स्वतःला विचारा : आता कोणता तुकडा लावला म्हणजे पुढची रेघ अखंड राहील?

आपल्या नमुन्यात अष्टकोन १. त्याच्या वर, खाली, डावी-उजवीकडे तिरप्या चौरसाचे कापले गेलेले कोपरे, म्हणजे टोकं, २ ते ५. मगच बाहेरच्या चौरसाचे मोठे कोपरे ६ ते ९, कारण त्यांची शिवण टोकांच्या कडांवरून जाते. कोपरे आधी लावलेत तर टोकं घालायला जागाच उरत नाही.

कापड : अष्टकोनाला साडेनऊ इंचांचा चौरस, दगडाच्या रंगाचा. टोकांना नऊवारीचा काठ, पाच इंच लांब आणि अडीच इंच रुंद, चार तुकडे. कोपऱ्यांसाठी आठ इंचांचे दोन चौरस कर्णावर कापा. त्यांची उरेब कड आतल्या शिवणीकडे आणि सरळ धाग्याची कड बाहेर ठेवा. नाहीतर चौकोन ताणून तिरका होतो. झेरॉक्सचे कागद जोडावे लागतील. ते डिंकाने जोडा, सेलोटेपने नको, इस्त्रीखाली तो वितळतो.

रेघा कागदाच्या एका बाजूला, कापड दुसऱ्या बाजूला. पहिला तुकडा सुलटी बाजू वर येईल असा टाचा आणि उजेडासमोर धरून पाहा, चहूबाजूंनी पाव इंच तरी बाहेर यायला हवा. दुसरा त्याच्यावर उलटा ठेवा, म्हणजे सुलटीवर सुलटी. कागद पालथा करून रेघेवरून शिलाई मारा, रेघेच्या दोन्ही टोकांना दोन-दोन टाके पुढे जाऊ द्या. टाका बारीक हवा : इंचाला नेहमी १०-१२ घेता, इथे १६-१८ घ्या. जवळजवळच्या भोकांमुळे कागद तिकिटासारखा फाटतो. मग शिवलेल्या रेघेवर कागद दुमडून जादा कापड पाव इंच ठेवून कापा, तुकडा उलटवा, इस्त्री फिरवा. शेवटी बाहेरच्या कडेला पाव इंच सोडून चौकोन साडेबाराचा कापा.

एक लक्षात असू द्या. शिवून झालेला नमुना आराखड्याच्या उलटा, आरशातल्यासारखा दिसतो. आपला अष्टकोन सगळीकडून सारखा, म्हणून फरक पडत नाही. एका बाजूला जिना किंवा दार काढायचं असेल, तर तो भाग कागदावर उलटा काढा.

पाच बाय सात असे ३५ चौकोन झाले, की पाच फूट रुंद, सात फूट लांब गोधडी होते. शेजारचे दोन चौकोन जोडले की काठाची टोकं एकमेकांना भिडतात आणि जागोजागी डमरू उमटतो. तो आपण कुठेच काढलेला नाही, आपोआप येतो. मला या नमुन्यात सर्वांत आवडतो तो हाच.

चौकोनांची जोडणी पुढच्या आठवड्यात. तोवर निदान चार शिवून ठेवा, आणि कितीही मोह झाला तरी कागद फाडू नका.