भाताचा पेंढा आणि दुभत्या म्हशीची खनिजांची गरज

कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख असून कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्रही आहे. साहजिकच झोडणीनंतर उरणारा पेंढा येथील गोठ्यांत मुख्य सुका चारा ठरतो.

म्हशीच्या एक लिटर दुधात सुमारे १.८ ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे ८ लिटर देणारी म्हैस रोज १४ ग्रॅम कॅल्शियम गमावते. पेंढ्यात ते मुळातच थोडे, आणि त्यातील ऑक्झॅलेट हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवत असल्याने त्यातलेही बरेचसे शेणावाटे निघून जाते.

फॉस्फरसची तूट मात्र अधिक घातक आहे. रक्तातील तांबड्या पेशी फॉस्फरसयुक्त संयुगांच्या ऊर्जेवर टिकतात. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ही ऊर्जा अपुरी पडली, की पेशी फुटतात, त्यांतील हिमोग्लोबिन मूत्रात उतरते आणि लघवी कॉफीसारखी गडद होते; हेच लालमूत्र. गोचीडतापातही लघवी लाल होते, पण त्यात अंगात सडकून ताप असतो. लालमूत्राच्या जनावराला पशुवैद्यक शिरेतून सोडियम ॲसिड फॉस्फेट देतात. येथे एका दिवसाचा उशीरही जिवावर बेतू शकतो.

भाताच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर, तर कॅल्शियम नगण्य असल्याने कोंडा एकटा पुरत नाही. त्यासोबत रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणात घालावे, आणि तेही केवळ आजारपणात नव्हे, तर संपूर्ण वेतभर.