चपडा, स्पिरिट आणि जुनं सागवान

आजोबांची लांब हातांची आरामखुर्ची, माजघरातलं फडताळ, शिसवी देव्हारा. पॉलिश काळवंडलं, चहाच्या कपांचे पांढरे गोल उमटले, की या वस्तू आधी गॅलरीत आणि मग भंगारात जातात. लाकूड मात्र बहुतेक वेळा धडधाकट असतं. सागवानात मुळातच तेलाचा अंश असतो, त्यामुळे दमट हवा आणि वाळवीला ते सहजी दाद देत नाही. ब्रिटिशांच्या काळात ब्रह्मदेशी सागवान मुंबई बंदरात उतरायचं. मध्य प्रांतातल्या, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागवानाला वखारीत आजही ‘सीपी’च म्हणतात. असं लाकूड आज विकत घ्यायला गेलं तर खिसा रिकामा होतो.

या सामानावरची जुनी झिलई बहुधा लाखेची असते. लाखेचा इवलासा किडा पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतो. फांद्यांवरची ही राळ खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे केले जातात. हाच चपडा. लाखेच्या उत्पादनात भारत जगात आघाडीवर आहे, आणि देशात झारखंड. रांचीजवळ नामकुमला 1924 साली लाखेवरची संशोधन संस्था उभी राहिली. जुन्या नाट्यसंगीताच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांतही लाखच होती. झिलईच्या ज्या पद्धतीला आपण ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणतो, तिचा मूळ मालही हाच.

चपड्याचा मोठा गुण असा, की तो स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतो. नवा हात मारला की तो जुन्या थरात मिसळून जातो. जुन्या सुतारांचा सरसही तसाच होता. गरम पाण्यानं सांधा सुटतो आणि पुन्हा बसतो. म्हणजे त्या कारागिरांनी वस्तू बनवतानाच तिच्या दुरुस्तीची वाट मोकळी ठेवली होती. आजचं पीयू पॉलिश टणक आणि चकचकीत खरं, पण ओरखडा पडला की बऱ्याचदा सगळा थर घासून काढावा लागतो.

म्हणून काम परीक्षेपासून सुरू करावं. खुर्चीच्या पायाच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं कापसानं स्पिरिटचा थेंब लावावा. मिनिटभरात जागा चिकट झाली आणि कापसाला तपकिरी रंग आला, तर झिलई लाखेची. मग सगळं पॉलिश उतरवायची गरज असतेच असं नाही. पांढरे डाग बहुधा थरात अडकलेल्या दमटपणाचे असतात. स्पिरिटनं जेमतेम ओलावलेलं फडकं हलक्या हातानं फिरवलं, तर पुष्कळदा जातात.

थर फारच खराब असेल, तर स्पिरिट लावून तो मऊ करावा आणि बारीक स्टील वूलनं काढावा. मग पॉलिश पेपर: आधी 120, मग 180, शेवटी 220 नंबरचा, आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवा हात पडला की ओरखडे पॉलिशखालून डोकावतात. खिळ्यांची भोकं खडूची पूड, गेरू किंवा पिवडी आणि चपडा यांच्या लांबीनं बुजवावीत.

एक लिटर स्पिरिटला साधारण 200 ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजवून फडक्यानं गाळून घ्यावा. लोखंडी डबा वापरू नये, रंग काळपट होतो. ब्रशनं तीन-चार पातळ हात मारावेत, मध्ये 320 चा पेपर हलका फिरवावा. खरी कला त्यानंतरची. कापसाचा बोळा जुन्या मलमलीत गुंडाळून त्यात चपडा मुरवायचा, चिकटू नये म्हणून वर जवसाच्या तेलाचा एक थेंब, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तो फिरवत ठेवायचा. बोळा एका जागी थांबला की तिथला थर उचलला जातो. हात चालता राहिला, तर प्रत्येक फेरीगणिक सागवानाच्या रेषा उजळत जातात.

काही पथ्यं पाळलीच पाहिजेत. स्पिरिट ज्वालाग्राही आणि विषारी आहे. खिडक्या उघड्या, गॅस बंद, हातात मोजे, मुलं दूर. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 पासून लागू झाली, जुने थर त्याआधीचे. पावसाळ्यात पॉलिश करू नये. दमट हवेत थरावर पांढुरकी झाक येते. चपडा उष्णतेपुढे आणि अल्कोहोलपुढे टिकत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलाला दुसरं पॉलिश बरं.

दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला सर्वांत चांगली. मोठ्या कपाटाला हात घालण्याआधी घरातलं एखादं लहान स्टूल घ्या, स्पिरिटचा तो एक थेंब लावून बघा, आणि भंगारवाल्याला हाक मारायची की नाही, हे त्यानंतरच ठरवा.