चल, डुकराच्या शिकारीला!

वीकेंडला करायचं काय, हा आपल्या छत्रपती संभाजीनगरातला सनातन प्रश्न. दौलताबाद झालं, म्हैसमाळ झालं, निराला बाजारातली कॉफीही झाली. अशात ऑफिसमधला एखादा दोस्त डबा उघडता उघडता सहज म्हणतो, "शनिवारी गावाकडं चल ना यार. डुकराची शिकार करू." झालं! डोक्यात लगेच पिक्चर सुरू... उघडी जीप, खांद्यावर बंदूक, शेकोटीवर भाजणारं मटण.

या पिक्चरमधून बंदूक आधीच काढून टाका. रानडुक्कर हा संरक्षित प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि डुक्कर तिसऱ्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत गेलं. विनापरवाना मारलं तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याच कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी लेखी परवानगीची सोय आहे, पण ती वनखात्याच्या अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. आणि परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता! म्हणजे मटणसुद्धा कॅन्सल.

मग शिकार कसली?

माझा दोस्त वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाव कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या जंगलापासून जवळच. जानेवारीचा शेवट, मका दुधावर आलेला. डुकरांसाठी याहून भारी बुफे नाही. आमचा हा पठ्ठ्या महिनाभर दर शनिवारी शिफ्ट संपवून थेट गाडीला किक मारत होता. कारण विचारलं तर हसून म्हणायचा, "नाइट शिफ्ट. विदाउट ओव्हरटाइम."

आम्ही खुलताबाद, वेरूळ मागे टाकत अंधार पडता पडता पोचलो. (वेरूळच्या 14 नंबरच्या लेण्यात वराह भूदेवीला वाचवतोय, तो जाता जाता आठवलाच. काकांच्या मक्याशी त्याचा संबंध लावायचा मोह मी टाळला.) शेताला कुंपण होतं जुन्या साड्यांचं! लाल, हिरव्या, जरीच्या, बांबूंना ताणून बांधलेल्या. बांधावर सलूनमधून आणलेले केस पसरलेले. डुकराला दिसतं बेताचं, पण नाक जबरदस्त. माणसाचा वास आला की ते बिचकतं. "पयले आठ दिवस बिचकलं," दोस्ताचे वडील म्हणाले. "आता साड्यावरूनच येतंय."

आम्ही मचाणावर. खाली शेकोटी, शेजारी कुत्रा, हातात बॅटरी आणि तेलाचा रिकामा डबा. लाइट रात्रीची होती, त्यामुळे काका मधूनच पाण्याचं दार मोडायला उठत. दोनदा मीही सोबत गेलो. थंडी अशी की बोटं दुखायला लागली.

अडीचच्या सुमारास कुत्रा गुरगुरला. मग नाल्याच्या बाजूने आवाज आला. कट्... कट्... मक्याचं ताट मोडल्याचा. काकांनी हात वर केला. बॅटरीच्या झोतात आधी दिसली एक डुकरीण, मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं, अजून दोन-तीन मोठी. नऊ-दहा तरी असतील. दोस्त डबा घेऊन नाल्याकडे पळणार, तोच काकांनी त्याचा शर्ट धरला. "तिकडून नको. त्यांची वाट आहे ती. वाट अडवली की अंगावर येतंय."

हे महत्त्वाचं. पिल्लं असलेली मादी आणि एकटा फिरणारा सुळेवाला नर, दोघंही कोंडीत सापडले की सरळ धडकतात. आम्ही उलट्या बाजूने डबे बडवत, बोंबलत पुढे सरकलो. दोस्ताने दोन फटाके लावले. कळप आला त्या वाटेनेच नाल्यात उतरला आणि अंधारात गडप झाला! नुकसान दोन सऱ्यांचं. काकांच्या हिशोबात ही यशस्वी शिकार.

शेकोटीवर चहा ठेवताना दोस्ताने विषय काढला. शेजारचे म्हणतात, तारेत करंट सोडा, एका रात्रीत निकाल. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी लाकूड आत सरकवलं. "रात्री पाण्याला कोण उठतंय? मीच ना. मग त्या तारंवर पयला कोण जाईल?"

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. चोरून सोडलेल्या करंटने राज्यात माणसंही गेलीत आणि विदर्भात वाघही. ज्याला शेतकरी 'झटका मशीन' म्हणतात ते वेगळं. त्यात बॅटरीवर क्षणभराचा झटका बसतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. दोस्ताने त्याच रात्री मोबाइलवर हिशोब मांडला. इन्सेंटिव्ह आला की पहिलं मशीन, बाइकचे नवे टायर नंतर.

शिकारीचा शौक या भागाला नवा नाही, बरं का. कन्नडजवळचा औट्रम घाट ज्याच्या नावाचा, तो जेम्स आउट्रम. 1825 मध्ये खानदेशात भिल्ल कोअर उभारणारा हा इंग्रज अधिकारी पक्का शिकारी होता. घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारणं हा साहेब लोकांचा लाडका खेळ, नाव पिगस्टिकिंग. स्काउटवाल्या बेडन-पॉवेलने 1889 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मका कुणाचा तुडवला जायचा, हा प्रश्न बहुधा साहेबाला पडत नसावा.

तुम्हालाही असं आमंत्रण आलं तर जा, नक्की जा. जाड जॅकेट, बंद बूट, चांगली बॅटरी घ्या. काका सांगतील तिथेच उभे राहा, सेल्फीसाठी पिल्लांच्या मागे जाऊ नका. आणि सोमवारचा हाफ डे आधीच टाकून ठेवा. आमचा दोस्त तेवढाही टाकत नाही. सोमवारी साडेसातला तो गेटवर पंच करतो, बुटांना मक्यातला चिखल तसाच.